मॉडेल रेल्वेची वीजयोजना

घरातल्या मॉडेल रेल्वेला लागणारी वीज किती, ती कोठून घ्यायची आणि रुळांच्या टोकापर्यंत कशी पोहोचवायची, हे आधी ठरवून घेणे म्हणजे वीजयोजना. नवखे लोक बहुधा पहिल्याच प्रश्नात अडकतात, तो सर्वांत सोपा असूनही. एच-ओ (१:८७) मापाचे आधुनिक इंजिन साधारण अर्धा अँपिअर किंवा त्याहून कमी वीज घेते. एकाच वेळी चार इंजिने धावणार असतील तर २ अँपिअर, त्यात डब्यांतले दिवे आणि आवाजाची यंत्रणा मिळवली की ३ ते ५ अँपिअरचा पुरवठा पुरतो.

खरी अडचण वीज पोहोचवण्याची असते. रुळांचा निकेल-सिल्व्हर हा मिश्रधातू तांब्याच्या मानाने वीज फार कमी वाहतो आणि रूळजोड कालांतराने गंजून सैल पडतात. म्हणून लेआउटखालून (रुळांच्या मांडणीखालून) तांब्याच्या जाड तारांची एक जोडी, म्हणजे ‘बस’, फिरवतात आणि तिच्यातून दर एक-दोन मीटरवर बारीक, आखूड तारा, म्हणजे ‘फीडर’, काढून रुळांना सोल्डर करतात. जाडीने किती फरक पडतो पाहा : १० मीटर लांबीच्या बसमधून ३ अँपिअर जात असतील, तर २.५ चौ. मिमी. तारेत जाऊन-येऊन सुमारे ०.४ व्होल्ट गळतात, ०.५ चौ. मिमी. तारेत मात्र २ व्होल्ट.

गाडी मंदावणे हा त्यातला किरकोळ तोटा. डिजिटल नियंत्रणात (डीसीसी) रुळांवर नेहमीच सुमारे १५ व्होल्ट असतात. गाडी रुळांवरून घसरून शॉर्ट झाला आणि वाटेतला रोध जास्त असला, तर प्रवाह संरक्षक यंत्रणेच्या मर्यादेपर्यंत चढतच नाही. पुरवठा चालू राहतो आणि चाके तापून प्लॅस्टिक वितळू शकते. यावरची चाचणी जुनी व भरवशाची आहे : दोन्ही रुळांवर आडवे नाणे ठेवावे, पुरवठा तत्काळ तुटला पाहिजे. लेआउटभर सर्वत्र ही चाचणी घ्यावी. मोठ्या लेआउटचे विभाग पाडून प्रत्येकाला वेगळा ब्रेकर दिला, की एका जागचा अपघात सगळ्या गाड्या थांबवत नाही.

सांधे बदलून गाडी दुसऱ्या रुळांवर वळवणाऱ्या सोलेनॉइड (विद्युतचुंबकी) मोटरी क्षणभर काही अँपिअर ओढतात, म्हणून त्यांना वेगळा पुरवठा द्यावा. दोन ट्रान्सफॉर्मरच्या कमी दाबाच्या बाजू मात्र कधीही एकमेकींना जोडू नयेत : एकाचा प्लग काढला, तरी दुसऱ्याकडून उलटी वीज येऊन त्या उघड्या पिनांवर घरगुती विजेचा पूर्ण, प्राणघातक दाब येऊ शकतो.