जाहिरात आधी, अकाउंटंट नंतर

कॉमर्सच्या मुलांशी करिअरबद्दल बोलायला बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "जाहिरातीत हेच मागितलंय, म्हणजे काम हेच असणार." हा समज मोडायला हवा. नोकरीची जाहिरात काम जितकं सांगते, तितकंच ते घडवतेही. मॅनेजमेंट अकाउंटंटच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून सुटे भाग (कास्टिंग) ओतणाऱ्या कारखान्यात, या माणसाचं मूळ काम काय? स्क्रॅप, वाळू, वीज, मजुरी धरून एक किलो कास्टिंग कितीला पडलं, रिजेक्शनने, म्हणजे खराब निघालेल्या मालाने, त्यात किती भर घातली, गिऱ्हाईक देतंय त्या भावात ऑर्डर घ्यावी की नाही. कंपनी म्हणून चालणाऱ्या मोठ्या साखर कारखान्यांना तर कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांनी खर्चाच्या नोंदींचं स्वरूपच ठरवून दिलं आहे. जाहिरातीत मात्र 'बिझनेस पार्टनर', 'स्ट्रॅटेजिक दृष्टी', 'डॅशबोर्ड' (आकडे एका नजरेत दाखवणारा स्क्रीन) हे शब्द पुढे असतात आणि भट्टीचा उल्लेखही सापडत नाही.

असं का होतं, याचं सुंदर उत्तर मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलं. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मालकाला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो खूण शोधतो. खूण कधी उपयोगी पडते? समजा, एका सर्टिफिकेटमुळे पगारात एकूण ६० हजार जास्त मिळतात. हुशार उमेदवाराला ते मिळवायला वेळ, कष्ट, पैसा धरून ४० हजार पडतात, कच्च्याला ८० हजार. हुशार ते घेईल, कच्चा घेणार नाही, आणि मालकाला दोघे वेगळे ओळखता येतील. गंमत अशी की त्या अभ्यासक्रमात कामाचं काहीच शिकवलं नाही, तरी हे गणित जुळतं! आता तेच सर्टिफिकेट दोघांनाही १० हजारांत मिळू लागलं, तर दोघेही घेतील आणि खूण मरेल. बायोडाटात 'स्ट्रॅटेजिक' लिहायला तर काहीच पडत नाही. म्हणून पुढच्या जाहिरातीत आणखी एक सॉफ्टवेअर, आणखी एक सर्टिफिकेट वाढतं.

त्यात नक्कल मिसळते. नेमका कसा माणूस हवा हे ठरत नसलं की कंपन्या दुसरीचं बघून चालतात, असं डिमॅजिओ आणि पॉवेल या समाजशास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच दाखवून दिलं. एचआरवाला मोठ्या कंपनीची जुनी जाहिरात उचलतो. क्लासवाले त्यातले शब्द शिकवतात, मुलं ते बायोडाटात घालतात, मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात आणि वर्षअखेरीस मूल्यमापनही त्यावरच होतं. डॅशबोर्ड वेळेवर पूर्ण झाला का हेच मोजलं जाणार असेल, तर तो मुलगा शॉप फ्लोअरवर जाईल कशाला?

'येत्या दहा वर्षांतल्या टॉप नोकऱ्या' अशा काही याद्याही जाहिरातींतले शब्द मोजूनच निघतात. त्यांवर भरवसा ठेवून फी भरणं हे राशिभविष्य वाचून शेअर घेण्यासारखंच आहे.

फाउंड्रीवाल्यांनी निदान जाहिरातीत काम लिहावं: 'दर महिन्याला पार्टनिहाय रिजेक्शनचा किलोमागचा खर्च काढणे, मेल्टिंगच्या विजेची युनिटं टनाशी ताडून पाहणे.' मुलाखतीला आलेल्याला मागच्या महिन्याचं रिजेक्शन रजिस्टर द्यावं आणि अर्ध्या तासात आकडा मागावा. ही खूण कच्च्याला खरोखर महाग पडते.