आखाजीचा हिशेब : खान्देशातील सालदारकी आणि मदतीचा जुना प्रश्न

खान्देशात आखाजी (अक्षय्य तृतीया) म्हणजे सासुरवाशिणींचे माहेरपण, निंबाला बांधलेले झोके आणि खापरावरचे मांडे. शेतकऱ्याच्या घरात मात्र या दिवसाला आणखी एक काम असते. जुन्या सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे, साल या दिवशी सरते, नव्या सालाची बोली होते आणि वर्षभर कोनाड्यात पडून असलेली हिशेबाची चोपडी ओट्यावर येते.

माझ्या आजोबांच्या अशा तीन चोपड्या अजून घरात आहेत. त्यांतले कोणतेही पान उघडले तरी मांडणी तीच : डावीकडे तिथी, मध्ये उचल (आगाऊ घेतलेले धान्य किंवा पैसे), उजवीकडे खाडे. दादर ज्वारी दोन पायल्या. मीठ-मिरची. मुलीच्या लग्नाला रोख साठ. ताप, खाडे चार, बदली माणसाची मजुरी सालदाराच्या नावे. पानाच्या तळाशी ‘मागील बाकी’ आणि तिच्याशेजारी निळसर अंगठा. आजोबा गावात दयाळू म्हणून ओळखले जात आणि ते खोटे नव्हते. वाईट सालात त्यांच्या कोठारातून कोणी रिकाम्या हाताने परत गेले नाही, असे जुने लोक आजही सांगतात. पण एकाच सालदाराची पाने मी तिन्ही चोपड्यांतून ओळीने वाचली, तेव्हा त्याची बाकी एकाही आखाजीला शून्यावर आलेली दिसली नाही. दया आणि बाकी एकाच चोपडीत, एकाच हस्ताक्षरात कशी नांदत होती, हे समजून घ्यायचे तर दोनशे वर्षे मागे जावे लागते.

सालदारकीची रीत वरवर साधी आहे. एक माणूस वर्षभरासाठी ठरलेल्या रकमेवर किंवा धान्यावर शेतमालकाकडे राहतो. पहाटे बैलांना चारापाणी करणे, औत हाकणे, रात्री पाणी भरणे, खळ्यावर राखण बसणे असे सगळे काम त्याचे. त्याच्या बायकोने शेणगोठा करायचा आणि पोरांनी गुरे वळायची, हे बोलीत नसले तरी गृहीत असते. ठरलेल्या रकमेतला मोठा भाग तो सुरुवातीलाच उचल म्हणून घेतो, कारण घरात लग्न, आजारपण किंवा जुने देणे उभे असते. पुढे वर्षभर किरकोळ उचल चालू राहते, खाडे वजा होतात आणि आखाजीला हिशेब होतो तेव्हा फिटले ते साल, उरली ती उचल. उरलेली उचल फेडण्यासाठी त्याच मालकाकडे पुढचे साल. बेडी किंवा कुलूप कुठेच दिसत नाही, म्हणून ही वेठ आहे असे कोणाला वाटत नसे.

हा सालदार बहुतेक वेळा भिल, पावरा किंवा कोकणा असे आणि कित्येकदा तो ज्या शेतात औत हाकी ते शेत त्याच्याच आजाचे असे. हे कसे घडले? १८१८ मध्ये पेशवाई संपून खान्देश इंग्रजांकडे आला, तेव्हा सातपुड्यातील भिलांना नुसत्या लष्करी बळाने आवरता येत नाही, हे कंपनी सरकारच्या लवकरच ध्यानात आले. १८२५ मध्ये भिल एजन्सी स्थापन झाल्या, धरणगावला आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिलांची पलटण उभी केली आणि शेतीवर स्थिरावणाऱ्यांना जमीन व तगाई (शेतीसाठी सरकारी कर्ज) देण्याचे धोरण सुरू झाले. १८५७-५८ मध्ये खाजा नाईक आणि भीमा नाईक या भिल नायकांचे बंड झाले, एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली, तरी तापीकाठच्या काळ्या जमिनीत भिलांना बसवण्याचे धोरण थांबले नाही. एका अर्थी सरकारचीही ही मदतच होती. मात्र जमीन दिली, तशी कागद वाचण्याची विद्या दिली नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, रेल्वे आली, तापीखोऱ्याच्या जमिनीला किंमत आली आणि ती कसण्याची हातोटी व भांडवल असलेले शेतकरी, त्यांच्यामागून सावकार, पश्चिमेकडे सरकत गेले. त्यातच छप्पनचा (संवत १९५६ चा) दुष्काळ पडला. १८९९-१९०० च्या त्या वर्षात पोटासाठी घेतलेले धान्य पुढच्या पिढीने जमिनीने फेडले.

सरकारला हे दिसत होते. १९०१ मध्ये मुंबई इलाख्याच्या जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती होऊन नवी शर्त आली आणि अशा शर्तीने दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येणार नाही, असे ठरले. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात जमीन कागदावर भिलाच्या नावे राहिली आणि औत सावकाराचे फिरू लागले. खंडाने घेतली, गहाण ठेवली, कसायला दिली, असे शब्द वापरून तोंडी व्यवहार होत राहिले आणि ज्याच्या नावाचा उतारा तोच आपल्या बांधावर सालदार झाला. कायदा खरेदीखताकडे लक्ष ठेवून बसला होता. जमीन गेली ती पायलीच्या मापातून.

या अवस्थेला आतून पहिले मोठे उत्तर मिळाले ते तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुला महाराजांकडून. १९३० च्या दशकात त्यांनी भिलांना दारू सोडायला, स्वच्छ राहायला आणि एकमेकांना ‘आप’ म्हणायला सांगितले. आरतीसाठी मोरवडला हजारोंची गर्दी होऊ लागली. १९३८ मध्ये महाराज वारले आणि त्यांचे बंधू रामदास महाराजांनी ते काम पुढे नेले. शहरी वाचकाला यात दारूबंदीपलीकडे फारसे काही दिसणार नाही. पण ज्या माणसाला जन्मभर ‘अरे’ आणि ‘ए भिलड्या’ याखेरीज दुसरी हाक ऐकू आली नाही, त्याने शेजारच्या भिलाला ‘आप’ म्हणणे ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती. बाहेरच्या कोणाच्या मदतीची वाट न पाहता ती घडली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच वर्षांत पूर्व खान्देशात साने गुरुजी काम करीत होते. १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक, मग सत्याग्रही, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने लिहून घेणारे बंदी आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण करणारे सत्याग्रही, हा त्यांचा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे. (गुरुजी म्हटले की आपल्याला आई आणि अश्रू आठवतात, १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढून शेतसारामाफीसाठी गावोगाव फिरणारे आणि गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहणारे गुरुजी आपण सोयीने विसरतो.) अन्याय दुसऱ्यावर होत असला तरी त्याचा जाब स्वतःला विचारायचा, ही सवय त्यांनी खान्देशातील एका पिढीला लावली. तरीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. शेतसारा माफ झाला तर दिलासा मिळतो ज्याच्या नावावर जमीन आणि ताब्यात पीक आहे त्याला. सालदाराच्या चोपडीपर्यंत ती सूट पोहोचत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर विहिरींवर पंप बसले, ऊस आणि केळी आली, शहादा-तळोद्याची शेती भरभराटीला आली. भूदान आणि ग्रामदानाचे कार्यकर्ते डोंगरात पोहोचले, पण सपाटीवरच्या मालकांचे हृदयपरिवर्तन अपेक्षेइतके झाले नाही. उलट पीक संरक्षण संस्था निघाल्या. पगारी राखणदार शेतांवर फिरू लागले आणि बांधावर गवत कापणारी बाई किंवा सरपण गोळा करणारे पोर चोर ठरू लागले. दंड ठोठावणारे आणि मारणारे तेच.

मे १९७१ मध्ये शहादा परिसरात पाटीलवाडीचे प्रकरण घडले. घरात दाणा नसलेले आदिवासी एका बड्या शेतमालकाकडे धान्य मागायला गेले. उधार धान्य मागणे ही त्या भागातली जुनीच रीत होती, फक्त या वेळी ते एकेकटे गेले नव्हते, जमावाने गेले होते. जमीनमालकांनी त्याला लूट म्हटले, त्यांच्या बाजूने गोळ्या झाडल्या गेल्या आणि एक आदिवासी ठार झाला. मला या घटनेत सर्वात बोलकी वाटते ती हीच गोष्ट. एकट्याने, मान खाली घालून मागितलेल्या पायलीभर दादरीला आपण मदत म्हणत होतो, आणि तीच दादर शंभर माणसांनी ताठ उभे राहून मागितली की दरोडा होत होता.

या प्रकरणानंतर अंबरसिंग सुरतवंती यांचे काम एकदम पुढे आले. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. ते स्वतः भिल, थोडेफार शिकलेले, सर्वोदयाच्या कामातून तयार झालेले आणि गावोगाव भजनी मंडळे उभी केलेले कार्यकर्ते होते. ग्रामस्वराज्य समिती स्थापन झाली, जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकरांसारखे मुंबई-पुण्याकडचे शिकलेले तरुण नोकऱ्या सोडून येथे आले. ते सोबत धान्याची पोती घेऊन आले नव्हते. त्यांनी आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी केलेले काम बरेचसे कारकुनी होते : तलाठ्याकडून उतारे काढणे, कोणाचे शेत कोणाच्या ताब्यात आहे याची गाववार नोंद करणे, सालदाराला त्याच्या चोपडीतले आकडे मोठ्याने वाचून दाखवणे, किमान वेतनाचा दर सांगणे. मग त्या कागदांच्या बळावर मोर्चे, सालदारांचे संप आणि ताब्यात घेतलेली शेते. १९७२-७३ च्या दुष्काळात बायका पुढे आल्या. शिबिरांतून उठून त्या गावोगाव गेल्या आणि दारूचे मटके फोडू लागल्या, कारण उचल दारूत जाते आणि मार घरात येतो, हा हिशेब त्यांच्याइतका पक्का कोणालाच ठाऊक नव्हता. अंबरसिंग १९७४ मध्ये तरुण वयातच गेले.

त्याच सुमारास कायदेही झाले. जुलै १९७४ पासून आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कडक बंधन आले आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७५ मध्ये अमलात आला. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा झाला. दुष्काळातून पुढे आलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि १९७८ पासून पावसाळ्यातील उपासमारीच्या महिन्यांसाठी सरकारी खावटी कर्ज मिळू लागले. यांपैकी रोजगार हमीचे महत्त्व मला सर्वाधिक वाटते, कारण आखाजीनंतर मालकाच्या ओट्याखेरीज आणखी एक दार ठोठावता येते, हे सालदाराला प्रथमच कळले. जमीन परतीचा कायदा मात्र ज्याच्या हाती कागद त्याच्याच बाजूने झुकत राहिला. १९५७ च्या आधी गेलेली जमीन त्यात बसत नव्हती आणि परत मिळालेल्या जमिनीवर पेरायला बी-बियाणे नसले की तीच जमीन पुन्हा तोंडी खंडाने जुन्याच माणसाकडे जाई.

मदत करणाऱ्यांचीही तपासणी या चळवळीच्या आतूनच झाली. तिच्यातून पुढे आलेले भिल कवी वाहरू सोनवणे यांनी, आमचे दुःख सांगायला दुसरेच मंचावर बसतात आणि आम्हाला समोर बसून ऐकावे लागते, ही बोच कवितेतून मांडली. बाहेरून आलेल्या प्रामाणिक कार्यकर्त्यांना ती लागली असणारच. आमच्यासारख्या घरांची गोष्ट त्याहून वेगळी. आम्हाला कोठे जावे लागत नव्हते. अन्याय आमच्याच कोनाड्यात, लाल कापडात बांधून ठेवलेला होता. त्या काळात तालुक्यातल्या कित्येक घरांनी सालदार संपावर गेला म्हणून त्याला कृतघ्न म्हटले, आमच्याही घरात हा शब्द उच्चारला गेला. वाईट वेळी आम्ही दाणे दिले, हे त्यामागचे दुखणे. त्या दाण्यांवर सवाई-दिढी, म्हणजे सव्वापट-दीडपट परतफेड, चढत होती आणि सालदाराच्या बायकोच्या शेणगोठ्याचा एक पैसाही जमेस धरलेला नव्हता, हे आजोबांना कोणी विचारले नाही. विचारण्याइतके शिकलेले घरात तेव्हा माझे वडील आणि दोन काका होते.

नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने डोंगरातल्या कित्येक कुटुंबांना कसत्या जमिनीवर दावा सांगता आला, तो मंजूर होण्यासाठी त्यांना अनेकदा चालत मुंबईपर्यंत जावे लागले. यंत्रे आली तशी सालदारकी आटली. उचल मात्र तशीच आहे. दिवाळी झाली की नंदुरबार आणि धुळ्याकडची कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात, मुकादम पावसाळ्यातच कोयत्याला उचल देऊन ठेवतो आणि हंगामाच्या शेवटी हिशेब करतो. बेडी येथेही दिसत नाही.

ज्या सालदाराची पाने मी वाचली, त्याचा नातू हल्ली तोडीला जातो. गेल्या हंगामाहून परतल्यावर तो आमच्या ओट्यावर आला आणि चार घड्या घातलेली वहीची चिठ्ठी पुढे करून म्हणाला, ‘‘भाऊ, हाई जरा वाची दे.’’ चिठ्ठीवर उचलीचा आकडा होता, खाडे होते, तोडलेल्या टनांचा आकडा होता. शेवटच्या ओळीत ‘मागील बाकी’ आणि एक रक्कम. ती कोणत्या वर्षाची, हे लिहिलेले नव्हते. तसे मी त्याला सांगितले. त्याने चिठ्ठी परत घेतली नाही, शेजारी बसला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सांगितले.