एटीएफ म्हणजे इंजिन ऑइल नाही, पण ते जन्मभर टिकतं असंही नाही

इंजिन ऑइलचं सगळ्यांना माहितीये, १० हजार किमी झाले की नट काढा, काळं ऑइल पाडा, फिल्टर बदला, नवं ओता. घोळ आहे तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचा, म्हणजे एटीएफचा. काही जण म्हणतात गाडीसोबतच्या माहितीपुस्तकात बदलायचं लिहिलंच नाही, लाईफटाईम आहे, हात लावू नका. बाकीचे बदलतात, पण इंजिन ऑइलसारखं एकदा पाडलं की झालं असं समजतात. दोन्ही चूक. (एएमटीत, म्हणजे क्लच-गिअर आपोआप बदलणाऱ्या साध्या गिअरबॉक्समध्ये, साधं गिअर ऑइल असतं, सीव्हीटीला, म्हणजे बेल्ट-पुलीवाल्या गिअरबॉक्सला, तिचं वेगळंच फ्लुइड लागतं, इथे बोलतोय टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीबद्दल, म्हणजे जिथे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला जाते.)

इंजिनचा नट काढला की जवळजवळ सगळं ऑइल खाली येतं. गिअरबॉक्सचं फक्त तळाच्या पॅनमधलं येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पायपांत तसंच बसून राहतं. एकूण ७ लिटर मावत असेल तर साधारण ३ पडतं, म्हणजे बिलावर 'एटीएफ चेंज' आलं तरी आत ४ लिटर जुनंच! मी माझ्या गाडीचं ३ वेळा पाडलं, मध्ये दोन-तीनशे किमी गाडी चालवून, आणि दरवेळी पडलेलं पाण्याच्या बाटल्यांत भरून शेजारी शेजारी ठेवलं, पहिलं चहाच्या चोथ्यासारखं, दुसरं विटकरी, तिसरं बऱ्यापैकी लाल. हिशोबही तसाच लागतो, पहिल्यांदा ४३ टक्के नवं, मग ६७, मग ८१. मशीनने सगळं जुनं ऑइल एकदम ढकलून काढण्यापेक्षा (फ्लश) मला हेच आवडतं, जेवढं पडलं तेवढंच मोजून ओतायचं, आणि लेव्हल बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, कंपनीने दिलेल्या तापमानाला बघायची, इंजिन ऑइलसारखी बंद करून नाही.

आता लाईफटाईम. बीएमडब्ल्यूसारख्यांना गिअरबॉक्स देणारी झेडएफ स्वतःच सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किमीला किंवा ८ वर्षांनी बदला. आणि आपल्याकडे रोजचं बंपर-टू-बंपर, वर घाट, ऑइल तापतंच, आणि तापलं की गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटांची पकड सांभाळणारे त्यातले घटक संपत जातात. मी ६० हजारला बदलतो. गिअर स्लिप व्हायला लागल्यावर बदललं तर झिजलेल्या क्लच प्लेटा परत येत नाहीत, आणि मग लोक म्हणतात नव्या ऑइलने गिअरबॉक्स खाल्ला.