खांद्याची कंडरा मोजताना

पावसाळाभर पाठीवर सोळा लिटरचा फवारणी पंप, एका हातानं सतत दांडा मारणं. पंप भरला की नुसतं पाणीच सोळा किलो. पुढे वेचणी लागली की कमरेला ओटी बांधून बाया दिवसभर कापूस वेचतात. यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत मग 'खांदा लय दुखते, हात वर जात नाही' हे घरोघरी ऐकू येतं. एक्स-रे काढला तर हाड ठीक निघतं. दुखणं बरेचदा कंडरेत असतं, आणि एक्स-रेत कंडरा नीट दिसत नाही.

कंडरा स्नायूला हाडाशी जोडते. कासऱ्यासारखे वळलेले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू आणि निम्म्याहून जास्त पाणी, अशी तिची घडण. एमआरआय या पाण्यातल्या हायड्रोजनचा संदेश टिपतो. पण निरोगी कंडरेत पाणी तंतूंना इतकं धरून असतं की तो संदेश एक-दोन मिलिसेकंदांत विरायला लागतो. नेहमीच्या तपासणीत यंत्र टिपायला लागेपर्यंत दहाएक मिलिसेकंद गेलेले असतात, म्हणून कंडरा काळी दिसते. बिघडलेली कंडरा थोडी उजळते खरी, पण बिघाड किती, हा डोळ्यांचा अंदाजच राहतो.

एमआरआयच्याच एका नव्या पद्धतीत ०.१ मिलिसेकंदाच्या आतच टिपायला सुरुवात होते. मग थोड्या थोड्या वेळानं पुन्हा टिपून, संदेश किती वेगानं विरतो ते चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी मोजतात. तंतू विस्कटले की पाणी मोकळं होतं, संदेश जास्त वेळ टिकतो आणि आकडा वाढतो. फाटण्याआधीची झीज आकड्यात धरता येईल, हे मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

खांद्यात मात्र एक मोठी अडचण आहे. तंतू यंत्राच्या चुंबकीय क्षेत्राशी साधारण ५५ अंशांचा कोन करतात, तिथे धडधाकट कंडराही उजळ दिसते. खांद्याची कंडरा वळून जाते, त्यामुळे तिचा एखादा भाग त्या कोनात सापडतोच. शिवाय १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रावरचा आकडा ३ टेस्लाच्या आकड्याशी थेट ताडता येत नाही. म्हणून ही मोजणी अजून मुख्यतः संशोधनातच आहे. खांद्याची पहिली तपासणी आजही डॉक्टरांच्या हातांनी आणि गरज पडली तर सोनोग्राफीनं होते, आणि उपचारात मुख्य भर बहुतेकदा हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामावर असतो.

अशा अभ्यासांत धावपटूंच्या टाचेमागच्या कंडरा पुष्कळदा मोजल्या जातात. वेचणाऱ्या बाईचा खांदाही हंगामाआधी आणि हंगामानंतर, एकाच यंत्रावर, हात त्याच कोनात ठेवून मोजला गेला पाहिजे.