षड्जाची वाट पाहणारे कान

गाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हे नेहमी घडतं. पार्ल्यातले कुणी काका उस्ताद अमीर खाँनी गायलेल्या मारवा रागाची लिंक टाकतात आणि खाली लिहितात, ‘डोळे मिटून ऐका. वेड लागेल.’ दहा अंगठे येतात, चार जोडलेले हात येतात. मग एखादा प्रामाणिक तरुण त्यांना खासगीत विचारतो, ‘काका, छान आहे, पण गाणं सुरू कधी होतं?’ काकांना वाटतं, पोराला कान नाही. पोराला वाटतं, काका उगाच भाव खातात. दोघांच्या कानांवर पडलेला आवाज मात्र तंतोतंत एकच असतो.

मग काकांच्या अंगावर येणारा काटा पोराच्या अंगावर का येत नाही? मेंदूविज्ञानाने गेल्या पंचवीस वर्षांत याचं बऱ्यापैकी ठोस उत्तर दिलं आहे. गंमत म्हणजे, त्यातल्या पहिल्या मोठ्या प्रयोगाची आखणीच या तफावतीवर उभी होती.

२००१ साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे यांनी संगीत शिकलेल्या दहा जणांना सांगितलं, ‘जे ऐकताना तुमच्या अंगावर हमखास शहारे येतात, ते संगीत सोबत घेऊन या.’ कुणी रखमानिनॉव्हचा पियानो कॉन्चेर्तो आणला, कुणी बार्बरचं अडाजिओ. ते ऐकताना प्रत्येकाच्या मेंदूचा पेट स्कॅन काढला गेला. पण तुलनेसाठी ‘काहीच न होणारं’ संगीत कुठून आणायचं? संशोधकांनी सोपी युक्ती केली. एकाची जीव की प्राण असलेली रचना दुसऱ्याला ऐकवली! एकाला शहारे आणणारं संगीत दुसऱ्यासाठी तटस्थ ठरत होतं, म्हणूनच प्रयोग जमला. आपल्या आवडीचं ऐकताना शहारे जितके तीव्र, तितका मेंदूच्या ‘बक्षीस’ यंत्रणेतला रक्तप्रवाह बदललेला दिसला. चवदार अन्न, शरीरसुख किंवा अमली पदार्थ जी यंत्रणा चेतवतात, तीच ही. पोट न भरणारी, वंश न वाढवणारी हवेची कंपनं तिथवर पोचतात, हेच मुळात नवल होतं.

दहा वर्षांनी, २०११ मध्ये, झटोरे यांच्याच प्रयोगशाळेत व्हॅलोरी सलीमपूर यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. शहारे येणाऱ्या जागी डोपामाइन हे रसायन स्रवतं हे त्यांनी दाखवलंच. पण ते दोन हप्त्यांत स्रवतं, हा खरा शोध. ऐन जागेवर मेंदूतल्या ‘न्यूक्लियस अकम्बन्स’ या भागात स्रवतं, आणि त्याच्या काही सेकंद आधी, जागा येणार येणार अशी चाहूल लागते तेव्हा, ‘कॉडेट’ नावाच्या वेगळ्या भागात. पुढे २०१९ मध्ये डोपामाइन वाढवणारं आणि त्याला अडवणारं औषध देऊन पाहिलं, तर संगीताचा आनंदही त्याप्रमाणे वाढला आणि घटला. म्हणजे डोपामाइन हा आनंदाचा नुसता सोबती नसून त्याच्या कारणांपैकी एक आहे.

यातला ‘चाहूल’ हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कारण चाहूल त्यालाच लागते, ज्याला पुढे काय येऊ शकतं याचा अंदाज असतो. आणि हा अंदाज लिंकबरोबर पाठवता येत नाही.

आता मारव्याकडे येऊ. मारव्यात पंचम (प) नाही. रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र. सगळा जोर रिषभ आणि धैवतावर (ध). षड्ज, म्हणजे मूळ स्वर ‘सा’, आहे, पण गायक त्याला टाळतो. खालच्या सप्तकातल्या निषादावरून (नी) तो थेट रिषभावर जातो, वरून उतरताना पुन्हा रिषभावरच रेंगाळतो, आणि माटुंग्यावरून फास्ट लोकल निघून जावी तसा षड्ज बाजूने निसटतो. सरावलेला कान प्रत्येक वेळी म्हणतो, आता ‘सा’ लागेल. लागत नाही. अशी पाच-सात मिनिटं तिष्ठत ठेवून गायक एकदाचा षड्जावर येतो, तेव्हा सभागृहात जो ‘आऽह’ उमटतो, तो दोन हप्त्यांतल्या डोपामाइनचा दुसरा हप्ता आहे असं म्हणायला हरकत नाही.

ज्याने सा लागेल असं मनात धरलंच नाही, त्याला तो लागल्याचं सुख कुठून मिळणार?

२०१९ च्याच आणखी एका अभ्यासात, अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांमधल्या सुमारे ८०,००० कॉर्डचा (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचा) संगणकाने हिशेब मांडून, श्रोत्यांना कुठला कॉर्ड कधी सुखावतो ते पाहिलं. दोन परिस्थितींत आनंद सर्वाधिक होता. श्रोता पुढच्या कॉर्डबद्दल ठाम असताना त्याला चकवा मिळाला तर, किंवा तो पुरता गोंधळलेला असताना अपेक्षित तेच आलं तर. मारव्यातला षड्ज मला या दुसऱ्या जातीचा वाटतो. अभ्यास पाश्चात्त्य गाण्यांवरचा होता, तेव्हा हा धागा मी जोडतोय, त्यांनी नव्हे.

पण सगळंच काही सवयीचं नाही. थोडं भौतिकशास्त्रही आहे. संगीतशास्त्राच्या पुस्तकांत हिशेबासाठी षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरतात, म्हणजे साधारण पेटीच्या काळी पाच पट्टीजवळचा. कोमल रिषभाचं गुणोत्तर १६:१५ धरलं तर तो येतो २५६ वर. तानपुऱ्यात २४० घुमतंय आणि गायक २५६ वर उभा आहे, तेव्हा दोन्ही ध्वनिलहरी एकमेकींत मिसळून सेकंदाला १६ वेळा फुगतात आणि ओसरतात. असे ठोके सेकंदाला एक-दोनच असते तर आवाज नुसता हेलकावला असता. पंधरा-वीस झाले की कानाला ते वेगळे मोजता येत नाहीत आणि आवाजाला एक खरखर येते. याचं कारण आतल्या कानात आहे. तिथल्या पडद्यावर प्रत्येक कंपनसंख्येची जागा ठरलेली असते, आणि इतक्या जवळच्या दोन स्वरांच्या जागा एकमेकींवर चढतात. पंचमाचं उलट आहे. त्याची कंपनं ३६०, त्याचा दुसरा स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारा, त्याच्या पटीतला सूक्ष्म स्वर) ७२० आणि षड्जाचा तिसराही ७२०. दोघं एकमेकांत विरघळतात. मारवा हा विसावा काढून घेतो, कोमल रिषभाची खरखर समोर ठेवतो आणि तानपुऱ्याची पहिली तारही पंचमाऐवजी बहुधा निषादाला लावायला लावतो.

तानपुऱ्याचा विषय निघालाच आहे तर सी. व्ही. रामन यांची आठवण काढायला हवी. नियम असा की, तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू (कंप नसलेली जागा) असेल, तो स्वरांश ऐकूच येऊ नये. १९२१ मध्ये रामन यांनी नोंदवलं की तानपुरा हा नियम पाळत नाही; जो स्वरांश नसायला हवा तोही खणखणीत ऐकू येतो. कारण तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची रुंद, किंचित गोलसर पाठ आणि तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा, म्हणजेच जवारी. तार कंप पावताना घोडीला पुनःपुन्हा टेकते आणि नवनवे स्वरांश जन्माला घालते. मिरजेचे कारागीर तासन्‌तास घासून जी जवारी काढतात, तिच्यामुळे षड्ज न गाताही गायकाच्या पाठीमागे सतत हजर राहतो. मारव्याची तगमग त्याच्याशिवाय झालीच नसती. मनात मूळ स्वर पक्का नसेल तर त्यापासून दूर असल्याचं दुःख कसलं?

इथे गाण्यातली माणसं एक चांगली शंका काढतील. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच. खरखर तीच, पंचम तिघांतही नाही. मग पूरिया शांत, गंभीर आणि मारवा बेचैन का? फरक मुक्कामाचा आहे. पूरियात गंधार-निषादावर थांबायचं, मारव्यात रिषभ-धैवतावर. सोहनी वरच्या सप्तकात खेळते. श्रोत्याचा मेंदू कुठला स्वर किती वेळ टिकला याची नकळत मोजदाद ठेवतो, हे १९८४ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं. कास्टेलानो, भरूचा आणि क्रुम्हान्स्ल या तिघांनी दहा रागांचे तुकडे भारतीय आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकवले आणि मग एकेक स्वर वाजवून ‘हा इथे किती शोभतो’ असं विचारलं. दोन्ही गटांची उत्तरं बरीचशी जुळली, कारण जो स्वर जास्त वेळ ऐकला तो दोघांनाही शोभला. पण रागामागचा थाट (राग ज्यातून निघतो तो मूळ स्वरसमूह) मात्र फक्त भारतीय श्रोत्यांच्या उत्तरांत उमटला. रागांची अशा दहा थाटांत मांडणी करणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे १८६० मध्ये आपल्या वाळकेश्वरात जन्मले, पेशाने वकील. थाटांची मांडणी पुरेशी नाही म्हणून त्यांच्यावर आजही टीका होते, आणि ती रास्तही आहे. पण नुसतं ऐकून ऐकून थाट डोक्यात बसतो, याला प्रयोगाने दुजोरा दिला.

म्हणजे पोराला कान आहे. त्याच्या कानाने मोजदाद सुरूही केली आहे. साठा कमी आहे, इतकंच.

साठा किती खोलवर काम करतो हे २०१६ च्या एका अभ्यासात दिसतं. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांना पाश्चात्त्य कानांना गोड आणि कर्कश वाटणारे कॉर्ड ऐकवले, तर त्यांना दोन्ही सारखेच बरे वाटले. खरखरीचा तिटकारा मात्र त्यांनाही होता. खरखर कानाची, गोडी संस्कारांची, असा ढोबळ हिशेब त्यातून मांडता येतो. तेव्हा ‘अमुक राग ऐका, मधुमेह जाईल’ छापाचे संदेश आले की पुढे पाठवण्याआधी थोडं थांबावं. गाणं ऐकून मन निवतं, नाडी मंदावते, याला आधार आहे. पण रागाला औषधासारखा ठरलेला गुण असता तर तो सगळ्यांना सारखाच लागू पडला असता.

सुरांपेक्षा लयीची चाहूल मात्र फार लवकर रुजते. २००९ साली बुडापेस्टमधल्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधूनच मुख्य ठोका गाळला. बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींनी गाळलेल्या ठोक्याची दखल घेतली. जन्मतःच मेंदू समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहतो म्हणा ना! आपली तिहाई या वाट पाहण्यावरच रचलेली आहे. एकच तुकडा तीनदा वाजतो. पहिल्यांदा ओळख, दुसऱ्यांदा खात्री, तिसऱ्यांदा सगळं सभागृह वादकाच्या आधी समेवर जाऊन उभं असतं. दादरच्या छोट्या हॉलमधली बैठक आणि घरातला हेडफोन यांतला फरक इथे कळतो. समेवर शेजारच्याची मान आणि आपली मान एकाच क्षणी हलते. नवख्यासाठी याहून चांगला शिक्षक नाही, कारण कुठे लक्ष द्यायचं हे अख्खी रांग त्याला न बोलता सांगत असते.

याचा उलटा अनुभव घ्यायचा तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जावं. तिथे २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. ख्यालावर वाढलेला माणूस तिथे पहिल्यांदा बसला की समेची वाट पाहत राहतो. आणि दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवली की पुढच्या रांगेतले लोक वळून बघतात. तिथे दाद शेवटापर्यंत गिळून ठेवायची असते. आपल्याकडे दाबून ठेवली तर गायकाला वाटतं, आजचं काही खरं नाही. कॉर्डची चाहूल लागायला मला बराच काळ लागला. पण एकदा लागल्यावर, पायाखालची पायरी सरकल्यासारखा कॉर्ड बदलला की तिथेही अंगावर काटा येतोच.

आवडती चीज ओळखदेख नसलेल्याला पाठवण्याचा सगळ्यात धाडसी प्रकार १९७७ मध्ये झाला. अंतराळात सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीत संगीताचे २७ तुकडे होते. त्यात रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाच्या शिफारशीवरून गायिका केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी घेतली गेली. जेमतेम साडेतीन मिनिटांची, जुन्या तबकडीच्या एका बाजूला मावेल एवढी. दोन्हींपैकी नंतर सुटलेलं यान, व्हॉयेजर-१, ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत गेल्या. परग्रहवासीयांना सप्तकाची चाहूल असेल का, हा प्रश्न सोडून देऊ. पण निवड म्हणून साडेतीन मिनिटं हे माप उत्तम. नवख्या श्रोत्यावर पाऊण तासाचा विलंबित ख्याल लादणं हे क्रौर्य आहे.

मी स्वतः सुरुवातीला किशोरीताई आमोणकरांचा भूप राग सुचवतो, ‘सहेला रे’. पाचच स्वर, आणि षड्ज-कोमल रिषभाइतके जवळचे दोन शेजारी स्वर त्यात कुठेच नाहीत. ती चीज आठवडाभर रोज ऐकली तरी पुरे. ओळखीने आवड वाढते हे मानसशास्त्रात १९६८ पासून पुनःपुन्हा दिसलेलं आहे. मग पूरिया आणि मारवा एकामागून एक ऐकवावेत आणि एवढंच सांगावं की दोघांचे स्वर तेच आहेत, मुक्काम कुठे आहे ते बघ. वर्णनं नकोत. ‘कारुण्य’, ‘विरह’ असली विशेषणं आधी सांगितली की ऐकणारा सूर सोडून विशेषण शोधत बसतो.

एवढं करूनही समोरचा कोराच राहिला तर? तसंही असतं. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशी माणसं शोधून काढली ज्यांना संगीत नीट ऐकू येतं, कळतं, पण त्यातून काडीचाही आनंद मिळत नाही. ती उदास नसतात, पैसे जिंकले की त्यांची बक्षीस यंत्रणा व्यवस्थित उजळते. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्यांच्या मेंदूत ऐकण्याचा भाग आणि ही यंत्रणा यांच्यातला संवाद क्षीण असतो. असा एखादा मेहुणा किंवा मित्र आपल्या गोतावळ्यात असतोच. त्याला मैफलीला ओढून नेऊ नये. मैफल संपल्यावर जेवायला बोलवावं, ती यंत्रणा त्याची शाबूत आहे.