रानकोंबड्याचं पीस आणि मुळा-मुठेचा मासा

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावली की बहुतेकांचं भागतं. पीस, लोकर आणि दोरा घेऊन गळावरच खोटी माशी बांधायची, हा त्यातला हौशी खटाटोप. पण तो फार जुना आहे. इ.स. 200 च्या सुमारास रोमन लेखक ईलियन यानं मॅसिडोनियातल्या एका नदीवरची पद्धत लिहून ठेवली. गळाला तांबडी लोकर गुंडाळायची आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधायची. खरी माशी का लावत नाहीत? तर हात लागला की तिचा रंग जातो आणि पंख चुरगळतात, हे कारणही त्यानं दिलंय. 1496 मध्ये इंग्लंडात छापलेल्या एका पुस्तिकेत अशा 12 माश्यांची कृती सापडते.

इथवर सगळी नक्कल होती. नदीवर जो किडा दिसेल तो बांधायचा. व्हिक्टोरियन काळात, सामन माशाच्या नादात, हे पार बदललं. सामन अंडी घालायला समुद्रातून नदीत येतो तेव्हा तो जवळपास काही खातच नाही, त्यामुळे नक्कल करायची तरी कशाची? मग साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली पिसं एकाच गळावर चढू लागली. 'जॉक स्कॉट' ही त्यातली गाजलेली माशी. तिच्यात टूकन आणि सोनेरी फेझंट या पक्ष्यांची पिसं असतात आणि दोन्ही बाजूंना, डोळ्याच्या जागी, 'जंगल कॉक'चं एकेक पीस. ही सजावट माशापेक्षा मालकाला भुलवण्यासाठीच जास्त होती, असं माझं मत.

हा जंगल कॉक म्हणजे आपला राखाडी रानकोंबडा. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवतो तोच. नराच्या मानेवरचं पीस हातात धरून बघण्यासारखं असतं. काळसर राखाडी, मधोमध पांढरी रेघ, आणि टोकाकडे पिसाचे तंतू एकमेकांना चिकटून झालेला चकचकीत पिवळट ठिपका, मेणाचा थेंब पडून गोठल्यासारखा. हा ठिपका पाण्यात विस्कटत नाही, भिजूनही चमकतो. माशी बांधणाऱ्यांना नेमकं हेच हवं होतं. गळ वाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात, पकडायचा, मेण लावलेला दोरा दांडीवर घट्ट वळवत न्यायचा, अंगावर रेशीम आणि चंदेरी तार, वर पंख. आणि अगदी शेवटी, डोकं बांधून वार्निश लावण्याआधी, हे ठिपक्याचं पीस.

मागणी वाढली तशी इथून मानेच्या कातड्यांची निर्यात वाढली. 1902 मध्ये ब्रिटिश सरकारनं पक्ष्यांची पिसं आणि कातडी देशाबाहेर पाठवायला बंदी घातली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानकोंबड्याला इथेही संरक्षण दिलं. आता परदेशात पाळीव पक्ष्यांची पिसं वापरतात, नाहीतर नकली ठिपके. तरी हौस संपली नाही. 2009 मध्ये इंग्लंडातल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, ती याच जुन्या माश्यांच्या पिसांसाठी.

दुसरा धागा माशाचा, आणि तो थेट पुण्याचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला कर्नल विल्यम साइक्स मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर हिंडला. महसूल, लोकसंख्या यांच्या नोंदी करता करता त्यानं इथले पक्षी आणि मासेही नोंदले. त्याच्या पक्ष्यांच्या यादीत आपला रानकोंबडा आहे. आणि 1839 मध्ये त्यानं दख्खनच्या महासीर माशाचं शास्त्रीय वर्णन दिलं. नमुना पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेला. म्हणजे साधारण मांजरीच्या बाजूला, जिथे आज जलपर्णीखाली पाणी शोधावं लागतं. 'टॉर खुद्री' या शास्त्रीय नावातला खुद्री त्यानं इथल्याच लोकांच्या तोंडून उचलला.

माशीवर पकडायचा विलायती मासा म्हणजे ट्राउट, पण तो थंड पाण्याचा. इंग्रजांनी तो काश्मीर आणि निलगिरीत आणून सोडला. दख्खनच्या नद्यांत ते जमणारं नव्हतं. इथे होता महासीर. मद्रास प्रांतातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 1873 मध्ये भारतातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं आणि ताकदीत महासीराला सामनच्या वर बसवलं. पण महासीर उंबरासारखी पाण्यात पडलेली फळंही खातो, खेकडेही आणि लहान मासेही. त्यामुळे त्याच्यासाठी बांधलेली माशी बरेचदा माशी नसतेच, लहानशी मासोळी असते.

नद्यांवर धरणं झाली, शहरांचं सांडपाणी आलं, सुरुंग लावून मासे मारले गेले, आणि महासीर कमी होत गेला. 1970 च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याजवळ वळवणला महासीराची पिल्लं तयार करायला सुरुवात केली. गळाची हौस असणाऱ्यांच्या पुढाकारानं ती पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महासीर त्यानंतर घटत गेला. 2018 मध्ये त्याची शास्त्रीय ओळख 'टॉर रेमादेवी' अशी पक्की झाली, तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर होता; आणि त्याच्या घसरणीच्या कारणांत संशोधक आपल्या खुद्रीचंही नाव घेतात.