दडलेल्या पात्रांचा शोध (व्हिडिओ गेम)

मुक्त नकाशाच्या गुन्हेगारी व्हिडिओ गेममध्ये मुख्य कथेबाहेरची, रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, किनाऱ्यावर किंवा डोंगरमाथ्यावर उभी असलेली पात्रे हुडकून काढणे व त्यांनी सांगितलेली लहानमोठी कामे पुरी करणे, हा त्या खेळातील एक स्वतंत्र छंदच आहे. रॉकस्टार कंपनीच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेत तो ठळकपणे आढळतो, आणि विदर्भातील खेड्यापाड्यांत हीच मालिका ‘जीटीए’ या नावाने परिचित आहे. असा शोध नशिबावर अवलंबून असतो, असा नव्या खेळाडूचा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक पात्रे जागा, वेळ, कथेतील प्रगती आणि खेळाडू कोणाच्या भूमिकेत आहे, या अटींनी बांधलेली असतात.

२००४ च्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये या प्रकाराचे ओबडधोबड रूप दिसते. नायक सीजेच्या मैत्रिणी होऊ शकणाऱ्या काही तरुणी ठरावीक ठिकाणीच भेटतात: बार्बरा एल केब्राडोसच्या पोलीस ठाण्यापाशी, हेलेना ब्लूबेरीतील शस्त्रांच्या दुकानापाशी, तर केटी सॅन फिएरोच्या गोल्फ मैदानाजवळ. नायकाची अंगकाठी त्यांच्या पसंतीस उतरली नाही, तर त्या सरळ नकार देतात. २००८ च्या चौथ्या मुख्य भागात लिबर्टी सिटीतील अशा पात्रांना रीतसर स्थान मिळाले आणि खेळाडू जवळ पोहोचताच नकाशावर निळी मानवाकृती दिसू लागली. एडी लो हा विकृत खुनी रात्रीच भेटतो. क्लॅरेन्स किंवा इव्हान यांना कथेत नायक निकोने जिवंत सोडले असेल, तरच त्यांच्याशी पुढे रस्त्यावर गाठ पडते. खेळाडूच्या जुन्या निर्णयाचा असा हिशोब पुढे काढणे ही या भागाची खरी करामत म्हणावी लागेल.

१७ सप्टेंबर २०१३ रोजी आलेल्या पाचव्या भागात ही पद्धत सर्वांत विस्तारली. लॉस सँटोस शहर आणि ब्लेन काउंटीचा ग्रामीण मुलूख यांत पसरलेली ही अनोळखी, चक्रम माणसे नकाशावर प्रश्नचिन्हाने दाखवली जातात. या भागात खेळाडू तीन नायकांच्या भूमिका आलटूनपालटून करतो, म्हणून या चिन्हाचा रंग महत्त्वाचा असतो: निळे मायकलसाठी, हिरवे फ्रँकलिनसाठी आणि नारिंगी ट्रेव्हरसाठी. गांजा कायदेशीर व्हावा म्हणून टेबल मांडून बसलेला बॅरी तिघांनाही भेटतो. पण गाड्या ओढून नेण्याचे काम देणारी टोन्या फ्रँकलिनच्या वाट्याची, आणि जामीन मोडून पळालेल्यांना पकडायला लावणारी मॉड ट्रेव्हरच्या वाट्याची. खेळ शंभर टक्के पूर्ण होण्यासाठी अशा अनोळखी माणसांची २० कामे आणि रस्त्यात अचानक घडणारे १४ प्रसंग पुरे करावे लागतात. हे प्रसंग निळ्या किंवा लाल ठिपक्याने सूचित होतात आणि दुर्लक्ष केल्यास हातचे जातात. चौथ्या भागातील पॅकी मॅकरियरी अशाच एका प्रसंगातून पुन्हा भेटतो आणि त्याला दरोड्याच्या टोळीत घेता येते, हे भरधाव निघून जाणाऱ्या खेळाडूला कळतही नाही.

वेळेची अट किती काटेकोर असू शकते, हे माउंट गॉर्डोवरील भुतावरून कळते. जोलीन क्रॅनली-इव्हान्स या मृत स्त्रीची आकृती खेळातील घड्याळानुसार रात्री ११ ते १२ याच वेळात कड्यावर दिसते. खेळातला एक तास म्हणजे आपली २ मिनिटे, त्यामुळे पाहण्याची संधी तेवढीच. जवळ गेले की ती नाहीशी होते, म्हणून तिला लांबूनच, बंदुकीच्या दुर्बिणीतून न्याहाळावे लागते. ती जिथे उभी असते तिथल्या खडकावर रक्ताने ‘जॉक’ हे नाव लिहिलेले आहे, आणि खेळात जॉक क्रॅनली हा गव्हर्नरपदाचा उमेदवार आहे. बाकीचे खेळाडूने समजून घ्यायचे. नेमकी वेळ साधण्यासाठी झोपेचा उपयोग होतो. पलंगावर झोपल्यास मायकलचे ६, फ्रँकलिनचे ८ आणि ट्रेव्हरचे १२ तास पुढे सरकतात. अटींचे दुसरे टोक म्हणजे परग्रहवासीयांच्या नादी लागलेला ओमेगा आणि महाकाय वानरमानवाचा पाठलाग करणारा शिकारी. फ्रँकलिनने अवकाशयानाचे ५० तुकडे गोळा केल्याशिवाय ओमेगाचे काम पुरे होत नाही, आणि तो शिकारी तर खेळ शंभर टक्के पूर्ण झाल्यावरच भेटतो. वानरमानवाची ही शिकार म्हणजे ‘सॅन अँड्रियास’च्या जंगलात तो दिसल्याच्या जुन्या अफवेची थट्टा होय, ती अफवा कंपनीने तेव्हाच फेटाळली होती, तरी खेळाडू वर्षानुवर्षे जंगल तुडवीत राहिले.

ऑनलाइन आवृत्तीत डिसेंबर २०२२ पासून अमली पदार्थ विकत घेणारे तीन दलाल रोज जागा बदलून रस्त्यावर उभे राहतात. मात्र नेटवर्क डळमळीत असलेल्या गावांत खेळाडूंची भिस्त एकट्याने खेळायच्या आवृत्तीवरच अधिक असते.

विदर्भाच्या ग्रामीण भागात हा शोध बहुधा सामुदायिक असतो. पाचवा भाग संगणकासाठी ७ डीव्हीडींवर आला होता. एवढा बोजा पेलणारा संगणक प्रत्येक घरी नसल्यामुळे जुना ‘सॅन अँड्रियास’ तालुक्याच्या सायबर कॅफेत आणि पुढे मोबाइलवर दीर्घकाळ टिकून राहिला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की भर दुपारी बाहेर पडण्याची सोय उरत नाही. अशा वेळी कूलर लावलेल्या खोलीत एक जण कीबोर्डवर आणि उरलेले पोट्टे कोपऱ्यातल्या लहान नकाशावर नजर ठेवून, असे चित्र दिसते. खेळात मराठी किंवा हिंदी उपशीर्षके नाहीत. त्यामुळे पात्राचे बोलणे नीट कळले नाही तरी त्याची जागा पक्की ध्यानात राहते, आणि ती सांगण्याची रीत गावातल्या पत्त्यासारखीच असते: ‘पंपाच्या मांगून जाय, टाकीजवळ उभा हाय, पण ट्रेव्हर घेऊन जाय.’ इंग्रजीतील लांबलचक मार्गदर्शिकेपेक्षा ही तोंडी खूण अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यात जागा आणि भूमिका या दोन्ही अटी एका वाक्यात येतात. युरोपीय मानांकनानुसार हा खेळ १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. अशा बैठकांत ही मर्यादा क्वचितच पाळली जाते, आणि त्याकडे घरच्यांचे लक्ष असलेले बरे.

वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी जाणते खेळाडू पात्राचे काम संपताच खेळातील फोनवरून प्रगती जतन करतात, आणि मगच पुढच्या प्रश्नचिन्हाकडे गाडी वळवतात.